आक्काचा एक आणा

(दहावी १९७५ च्या बॅचच्या सुवर्णमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "आपल्यातून गेलेल्यांबद्दल तू बोल," आणि हातात यादी दिली. यादीत अकरा नावं आहेत. पंधरा मिनिटांत अकरा जणांबद्दल बोलायचं म्हणजे हजेरी घेतल्यासारखं होईल, आणि या हजेरीला 'हजर' म्हणणारं कोणी नाही. म्हणून संयोजकांना न विचारताच मी ठरवलं की एकाबद्दलच बोलायचं. बाकी दहा जणांवर स्मरणिकेत त्यांच्या त्यांच्या जवळच्यांनी लिहिलंय, ते आपण वाचालच.

त्याचं नाव मी घेणार नाही. हजेरीपटावरच्या नावानं त्याला हाक मारणारं इथं कोणी नाही. आपल्यासाठी तो वकील. आठवीपासूनच वकील, सनद दहा वर्षांनी मिळाली.

नाव कसं पडलं ते आपल्यातल्या निम्म्यांना आठवत असेल. आठवी 'ब'च्या वर्गाची खिडकीची काच फुटली. कोणी फोडली ते कबूल होईना, तेव्हा वर्गशिक्षकांनी सगळ्यांना चार-चार आणे आणायला सांगितलं. हा उभा राहिला. म्हणाला, "सर, काल जे गैरहजर होते त्यांच्याकडून कसे घेणार?" सर म्हणाले, "तू काल होतास ना?" हा म्हणाला, "मी होतो सर. मी देतो. पण जे नव्हते त्यांनी का द्यायचे?" सरांनी दोन मिनिटं त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बसा, वकीलसाहेब." गैरहजर असलेल्या पाच जणांचे चार आणे वाचले. काच कोणी फोडली ते त्याला ठाऊक होतं, पण त्यानं कधी सांगितलं नाही. आज पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलाय, मुदत संपली असं धरून सांगतो : काच मी फोडली होती.

त्याचं गाव आजरा तालुक्यातलं. शिकायला इथं गडहिंग्लजला मामाकडं असायचा. आपली बॅच नव्या दहावीची पहिली. त्याच वर्षी जुन्या अकरावीची शेवटची बॅचही बाहेर पडली, त्यामुळं कॉलेजच्या प्रवेशाला कोल्हापुरात जी गर्दी झाली ती तुम्हाला आठवते. आम्ही दोघं राजाराम कॉलेजला गेलो. राहायला एकाच बोर्डिंगात, जेवायला एकाच खानावळीत. त्याचे पैसे महिन्याच्या वीस तारखेला संपायचे आणि माझे पंधराला, म्हणून पंधरा ते वीस तो मला पोसायचा आणि नंतर दोघं मिळून उधारीवर. बी.ए. झाल्यावर मी बँकेत चिकटलो आणि तो शहाजी लॉ कॉलेजात गेला. लॉ का घेतलंस असं विचारलं तर सांगायचा, "एका वकिलाकडं नकला करायचं काम मिळालंय, त्या वाचता वाचता कळायला लागलंय." अक्षर मोत्यासारखं होतं. ते अक्षर पुढं त्याला चांगलंच महागात पडलं. तेच सांगायला मी उभा आहे.

१९८३ ला त्यानं इथं वकिली सुरू केली. दिवाणी कामं : वाटपाचे दावे, बांधाची भांडणं, वहिवाट, रस्ता. फौजदारीत तो रमला नाही. भावाभावांचा वाटपाचा दावा आला की दाखल करण्याआधी एकदा तो समोरच्या भावाला भेटायचा. बरोबरचे वकील हसायचे, कारण त्यातली बरीच कामं तिथंच मिटायची आणि फी बुडायची. वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. घर त्यांच्या पगारावर चाललं हे सांगायला तोच कधी लाजला नाही, मग मी का लाजू?

बाजाराच्या दिवशी त्याच्या घरापुढच्या कडुलिंबाखाली माणसं बसलेली असायची. कागद घेऊन येणारी. त्यातल्या बऱ्याच जणांना वकील नको असायचा, कागद वाचून दाखवणारा माणूस हवा असायचा. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नोटीस. सातबाऱ्यावर नाव असलं म्हणजे मालकी झाली असं नाही आणि नाव नसलं म्हणजे हक्क गेला असंही नाही, ती महसुलाची नोंद आहे, हे त्यानं किती जणांना सांगितलं असेल! आणि एक वाक्य ठरलेलं : "नोटीस आली की पंधरा दिवसांत हरकत लिहून द्यायची, आणि पोच घ्यायची. तोंडी हरकतीला पोच नसते."

आता मुख्य गोष्ट.

१९९६ ला माझे वडील गेले. दिवस झाले, पाहुणे गेले, आणि आम्ही भावांनी बसून ठरवलं की दोघी बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घ्यावं. त्यात वावगं काही आहे असं मनातही आलं नाही. सगळे करतात. बहिणींनाही काही वाटणार नाही हे आम्ही त्यांच्या वतीनं ठरवून टाकलं. कागद करायला कोणाकडं जायचं हा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाला, "दुसरा वकील बघ."

मला वाटलं चेष्टा करतोय. म्हटलं, "फी देतो की लेका."

"फीचं न्हाई. मी एकदा लिवलाय तसला कागद. तेवढा बास."

मग त्यानं सांगितलं. त्याचे वडील १९८६ ला गेले. घरी आई, हा, धाकटा भाऊ आणि थोरली बहीण, आक्का. आक्काचं लग्न आपण कॉलेजात असताना, १९७८ ला झालं. तिनं चौथीत शाळा सोडली होती, कारण हा पहिलीला जायचा होता आणि घरात गुरं बघायला कोणीतरी हवं होतं. वडिलोपार्जित जमीन आठ एकर. गावातल्या चार जाणत्यांनी सांगितलं, "घरात वकील असताना बाहेर कशाला जाताय?" आणि यानं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात आईचं आणि बहिणीचं हक्कसोडपत्र लिहून काढलं. 'राजीखुशीनं, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द त्यानंच लिहिले. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आईनं अंगठा दिला. आक्कानं पेन हातात घेतलं आणि विचारलं, "कुठं करू?"

वकील मला म्हणाला, "तिनं 'कुठं' इचारलं. 'काय' न्हाई इचारलं. आणि मी बोट ठेवून जागा दाखवली."

बाहेर आल्यावर रीतीप्रमाणं तिला साडीचोळी झाली. तिनं तिथंच सगळ्यांच्या पाया पडून घेतलं आणि दुपारच्या एस.टी.नं सासरी गेली.

त्यानं मला कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला. मी बँकेतला माणूस, मला आकड्यांत सांगितलेलं कळतं हे त्याला ठाऊक होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात, वडील मरायच्या क्षणभर आधी वाटप झालं असतं तर काय झालं असतं, असं मानून हिशेब करतात. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ च्या मगदूम खटल्यात ते गणित पक्कं करून दिलं. रुपया धरा. वडील, आई आणि दोन मुलगे, चार वाटे, चार-चार आणे. मुलगी यात नाही. आता वडिलांचे जे चार आणे, ते मात्र आई, दोन मुलगे आणि मुलगी यांच्यात सारखे. म्हणजे मुलीला एक आणा. आठ एकरांत एक आणा म्हणजे वीस गुंठे.

"सोळा आण्यांतला एक आणा तिचा होता," तो म्हणाला. "तेवढा पण आम्हाला ठेववला न्हाई. साडीला वीस गुंठे घेतले."

मी काय केलं ते आता सांगतो, कारण लपवायचं तर या व्यासपीठावर यायलाच नको होतं. मी त्याचं सगळं ऐकलं, घरी आलो, आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वकिलाकडून कागद करून घेतला. माझ्या दोन्ही बहिणींनी सह्या केल्या. त्याही 'कुठं' एवढंच म्हणाल्या. वकिलानं यावरून मला पुढं कधी टोमणा मारला नाही. दिवाळीला फराळाला आला, नेहमीसारखा. एखाद्यानं शिव्या दिलेल्या परवडतात.

मधल्या काळात कायदे बदलत गेले. २२ जून १९९४ पासून आपल्या राज्यानं मुलीला जन्मानं मुलाइतकाच हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आक्का वगळली गेली. मग ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राचा कायदा आला, त्यात लग्नाची अट गेली. पण २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेले व्यवहार त्यानं मोडत नाहीत. आक्काची सही १९८६ ची. म्हणजे दोन्ही वेळा कायदा तिच्या दारावरून पुढं गेला. कोणत्याही कोर्टात तिला काही मिळालं नसतं. हे तिच्या वकील भावाइतकं कोणाला कळणार?

नव्या कायद्यानं हिशेब केला तर काय येतं तेही त्यानं मला सांगितलं होतं. वडील, आई, दोन मुलगे, मुलगी : पाच वाटे. वडिलांचा पाचवा हिस्सा परत चौघांत. मुलीचे दोन्ही मिळवून बरोबर पाव. चार आणे. आठ एकरांत दोन एकर.

२००८ ला त्यानं आपल्या वाटणीच्या चार एकरांतला नदीकडचा दोन एकरांचा पूर्ण गट आक्काला बक्षीसपत्रानं द्यायचं ठरवलं. ऐकायला हे सोपं वाटतं. त्याला जवळजवळ वर्ष लागलं.

पहिली अडचण घरातच. जमीन वडिलोपार्जित, तेव्हा त्याच्या मुलाचा आणि मुलीचा त्यात जन्मापासून हक्क. त्यांच्या संमतीशिवाय दान टिकत नाही. दोघं नुकती सज्ञान झालेली. त्यांना बसवून त्यानं सगळं सांगितलं, १९८६ सकट. त्यांनी होय म्हटलं. वहिनींच्या सहीची कायद्याला गरज नव्हती, तरी त्यानं कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि वाचून दाखवला. वहिनी समोर बसल्या आहेत, त्यांच्या परवानगीनं सांगतो. त्या म्हणाल्या, "मला विचारताय म्हणून सांगते. माझ्या माहेरी मी सही केली ती १९८९ ला. तो कागद तुम्हीच वाचला होता आणि 'कर सही' म्हणाला होता."

त्यावर तो काय बोलला असं मी वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "काय बोलणार? उठून गुरांना पाणी दाखवायला गेले. गुरं नव्हतीच आमच्याकडं तेव्हा."

दुसरी अडचण आक्काची. बक्षीसपत्र घेणाऱ्यानं स्वीकारावं लागतं, नाहीतर ते होत नाही. आक्का स्वीकारेना. चार महिने. तिचं म्हणणं होतं, "मला नगं जमीन. दिवाळीला मुराळी यीत जाऊ दे, तेवढं बघ. जमीन घिटली तर माहेर तुटंल." हा तिला सांगायचा, माहेर मी आहे, मी देतोय. ती म्हणायची, "तू एकटा म्हंजी माहेर न्हवं." आपल्यातल्या ज्या मैत्रिणी मान हलवतायत त्यांना मी काय वेगळं सांगू? बहिणी सही का करतात याचं उत्तर तिच्या त्या एका वाक्यात आहे, आणि ते कुठल्या कायद्याच्या पुस्तकात नाही.

शेवटी तिच्या सुनेनं तिला राजी केलं. निबंधकाच्या कचेरीत आक्कानं आधी कागद पूर्ण वाचायला लावला. हळूहळू, बोट ठेवून, स्वतः वाचला. मागं रांग वाढत होती, कारकून चुळबुळ करत होता. वकील म्हणाला, "वाचू दे तिला. बावीस वर्सं थांबलोय."

आणि माहेर तुटलंच. इथं मी मित्राची बाजू घेणार नाही. धाकट्या भावाला त्यानं आधी काही सांगितलं नव्हतं. त्याला कळलं ते चावडीवर लागलेल्या फेरफाराच्या नोटिशीवरून. ज्या माणसानं परक्या भावाभावांना दाव्याआधी समोरासमोर बसवलं, त्यानं आपल्या भावाला ओसरीवर बसवून एक शब्द सांगू नये? मी त्याला तोंडावर विचारलं होतं. म्हणाला, "सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं." मी म्हटलं, "कायद्यानं अडवता आलं असतं?" म्हणाला, "न्हाई. पण रडला असता. मग मला जमलं नसतं."

भावाची बाजूही समजून घेतली पाहिजे. आक्काला दोन एकर मिळाल्यावर गाव त्याच्याकडं बघायला लागलं. न केलेल्या दानाचा तो आरोपी झाला. त्यानं बोलणं टाकलं ते कायमचं. पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आली नाही. आक्काला दिवाळीचं बोलावणं धाकट्याकडून परत कधी गेलं नाही. वकिलाकडून जायचं, ती यायची, आणि तिन्हीसांजेला उंबऱ्यात उभी राहून भावकीच्या घराकडं बघायची. हे त्यानं मला एकदाच सांगितलं.

याच सुमाराचा आपल्या शाळेचा एक किस्सा आहे. तेव्हाचे मुख्याध्यापक, म्हणजे आपल्याला दहावीला गणित शिकवणारे सर, इथं बसले आहेत. त्यांनी वकिलाला दहावीच्या मुलींपुढं 'कायद्याची ओळख' या विषयावर बोलायला बोलावलं. सरांना वाटलं, हा घटना वगैरे सांगेल. यानं फळ्यावर सातबारा काढला. मुलींना म्हणाला, "लग्न झाल्यावर कोणी कधी कागदावर सही मागितली, तर 'कुठं' विचारायच्या आधी 'काय' विचारायचं. मग सही करा, नाहीतर करू नका, तुमची मर्जी." दुसऱ्या दिवशी सात-आठ पालक शाळेत आले. आमच्या पोरींना घर फोडायला शिकवता काय म्हणून. सर, तुम्ही त्यांना काय सांगितलंत ते वकिलानं मला सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "मी गणिताचा मास्तर आहे. त्यानं फळ्यावर मांडलेलं गणित बरोबर आहे. उत्तर आवडलं नाही म्हणून गणित पुसता येत नाही." पुढच्या वर्षी तुम्ही त्याला परत बोलावलंत. सर, त्याच्या वतीनं आभार मानायचे राहिले होते, ते आज मानतो.

कोल्हापूरच्या खंडपीठाबद्दल बोललो नाही तर तो मला माफ करणार नाही. औरंगाबादला १९८१ ला खंडपीठ सुरू झालं तेव्हा हा लॉ कॉलेजात होता. "राज्य पुनर्रचना कायदा, कलम एक्कावन्न, पोटकलम तीन," असं तो जेवताना म्हणायचा, "त्याच कलमानं कोल्हापूरला पण होतंय." खानावळवाल्या मावशींनाही ते कलम पाठ झालं होतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी ही मागणी चाळीस वर्षांहून जास्त काळ लावून धरली. धरणी झाली, मोर्चे झाले, कामकाजावर बहिष्कार झाले. बहिष्काराच्या दिवशी हा कोर्टाच्या फाटकाबाहेर उभा राहायचा आणि खेड्यांतून आलेल्या पक्षकारांना पुढच्या तारखा चिठ्ठीवर लिहून द्यायचा, कारण त्यांचा एस.टी.चा खर्च तर झालेलाच असायचा.

त्याचं यातलं म्हणणं एका पक्षकारावरून तयार झालं होतं. आजऱ्याकडचा एक म्हातारा. बांधाच्या दाव्यात खाली जिंकला, जिल्ह्याला हरला. दुसरं अपील मुंबईला. वकील स्वतः त्याला एकदा घेऊन गेला. इथून एस.टी.नं कोल्हापूर, रात्रीची महालक्ष्मी, सकाळी मुंबई. म्हाताऱ्यानं भाकरी फडक्यात बांधून घेतलेली. दिवसभर हायकोर्टाच्या पायऱ्यांवर बसला, नंबर लागला नाही. रात्री परत महालक्ष्मी. घरी आल्यावर म्हातारा म्हणाला, "वकीलसाहेब, जाऊ द्या तो बांध. त्याच्यापरीस गाडीभाडं जास्त झालं." अपील सोडून दिलं.

वकील म्हणायचा, "हे पण हक्कसोडपत्रच की. फक्त बिनस्टँपाचं. ह्यावर सही अंतरानं करून घेतली."

तो गेला २०२३ च्या पावसाळ्यात. हृदयाचा त्रास होताच. फार दिवस अंथरुणावर राहिला नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही ओसरीवर बसलो होतो तेव्हा धाकटा भाऊ आला. कोपऱ्यात बसला. चहा दिला, तो घेतला नाही. आक्का आत होती, ती बाहेर आली, त्याच्यापुढं उभी राहिली. दोघं काही बोलले नाहीत. जाताना त्यानं तिच्या चपला पावसात भिजत होत्या त्या उचलून आत ठेवल्या आणि गेला. एवढंच झालं. पुढं काही झाल्याचं मला माहीत नाही.

१७ ऑगस्ट २०२५ ला सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या हस्ते कोल्हापूरच्या सर्किट बेंचचं उद्घाटन झालं आणि दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत. गर्दी ओसरल्यावर वहिनींना घेऊन मी बघायला गेलो. कलम तेच लागलं, एक्कावन्नचं तीन. ज्या इमारतीच्या व्हरांड्यात नवी सनद घेतलेला हा घामाघूम होऊन उभा असायचा, तिथंच आता उच्च न्यायालय. वहिनींनी रस्त्यापलीकडून बराच वेळ बघितलं. मला वाटलं त्यांना भरून आलंय. त्या म्हणाल्या, "एवढं जवळ होतं होय," आणि रिक्षाला हात केला.

आता माझं. गेल्या मे महिन्यात मी दोन्ही बहिणींना बोलावून घेतलं. १९९६ चा कागद कपाटातून काढला, त्यांच्यापुढं ठेवला आणि काय करायचं मनात आहे ते सांगितलं. थोरली काही बोलली नाही. धाकटी म्हणाली, "आता कशाला रे? सत्तरीला आलो आपण. एकोणतीस वर्षांत एकदा तरी म्हणाला असतास." मला उत्तर देता आलं नाही. कागद तयार होतोय. नव्या पिढीतली एक वकील आहे, तिच्याकडं दिलाय. माझ्या थोरल्या मुलाची संमतीची सही अजून बाकी आहे. तो 'बघू' म्हणतोय. वकील असता तर त्याच्याशी बोलायला त्यालाच पाठवला असता.

संयोजक मघापासून घड्याळ दाखवतायत. जेवायला उशीर होतोय हे मलाही कळतं. एक निरोप सांगतो आणि बसतो. आज पंगतीत भात आहे तो आजऱ्याच्या घनसाळचा. त्या नदीकडच्या गटातला. आक्कानं पोतं पाठवलंय, पैसे घेणार नाही म्हणून बजावलंय. स्वतः येणार होती, पण गुडघ्यानं एस.टी.ची पायरी चढवत नाही. निरोप एवढाच आहे, "पोरांस्नी सांगा, भात थंड करू नगासा."